सत्कारमूर्ती निल्दो

टेक्सासमधल्या प्लेनोत हायवेला लागून असलेल्या एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर इवानिल्दो नावाचा ब्राझिलियन गृहस्थ राहतो. त्याला पूर्ण नावाने हाक मारणारी फक्त त्याची आई, आणि ती राहते तिकडे ब्राझीलमध्ये, कारुआरूला. बाकी सगळ्या जगासाठी तो निल्दो, आणि शेजारच्या फ्रिस्कोतल्या मराठी पोरांसाठी निल्दोकाका. घरात इंग्रजीशिवाय तोंड न उघडणारी ही पोरं 'काका' तेवढं न चुकता म्हणतात, हे आईबापांचं एक मोठंच समाधान.

निल्दो आयुष्यभर फुटबॉल खेळला तो मधल्या फळीत, पण गोलकडे तोंड करून. गोल मारणाऱ्याच्या जरा मागे राहायचं, समोरच्या भिंतीत फट शोधायची आणि बॉल अशा जागी सारायचा की पुढच्याला फक्त पाय लावायचं काम उरावं. आपल्याकडे एखादं लग्न जमवणारा माणूस असतो ना, सगळी खटपट त्याची आणि फोटोत तो कुठेच नाही, तसलाच हा धंदा. फोटोत नसण्याचं निल्दोला दुःख नव्हतं. त्याला लागायचं ते हे, की कुठल्याच क्लबाने त्याला फार दिवस ठेवून घेतलं नाही.

आणि क्लब थोडेथोडके नव्हते. पोर्तुगाल झालं, सायप्रस झालं, बल्गेरियात बर्फात खेळून झालं, कुवेतमध्ये उन्हात भाजून झालं, थायलंड झालं, आणि मध्येच एक हंगाम गोव्यातही झाला. गोव्यात बिचारा गुडघा दुखावून बहुतेक वेळ बाकावर बसला होता, पण फ्रिस्कोच्या मराठी मंडळींना तेवढं पुरलं. 'म्हणजे आपल्याकडचाच की,' असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं निल्दोचं दोन बॅगांमध्ये.

एवढ्या देशांत फिरून निल्दो एक गोष्ट पक्की शिकला होता. भाषा वेगळी, जेवण वेगळं, पण क्लबातून काढण्याची पद्धत सगळीकडे एकच. एक दिवस अध्यक्ष हसत हसत बोलावतात. फुलांचा गुच्छ देतात, क्लबाचं नाव कोरलेली काहीतरी चकचकीत वस्तू देतात, फोटो काढतात. मग तुम्ही किती थोर, तुम्हाला आम्ही कधीच विसरणार नाही वगैरे होतं. दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली परत मागायला माणूस येतो. त्यामुळे कुणी जरा जास्त स्तुती करायला लागलं की निल्दो मनातल्या मनात बॅगा भरायला लागायचा.

अमेरिकेत मात्र वेगळंच घडलं. टेक्सासमधल्या ज्या छोट्या संघाने त्याला बोलावलं, तो संघच काही दिवसांत गुंडाळला गेला. निल्दोला निरोप द्यायला कुणी शिल्लकच उरलं नाही, म्हणून तो राहिला. मग पोटापाण्यासाठी इथेतिथे मुलांना शिकवू लागला, आणि त्यातून ज्ञानदेव गजभियेच्या हाती लागला.

ज्ञानदेव मूळचा नागपूरचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला, आणि मराठी मुलांच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याच्या हातात माइक देऊ नये. त्याला सत्काराचं भारी वेड. कुणी नवीन घर घेतलं, कुणाची मुलगी कॉलेजला लागली, कुणी भाजी चांगली केली, की ज्ञानदेवच्या डोळ्यांपुढे शाल तरळू लागायची. त्याची बायको उपासना फार्मसिस्ट. ती म्हणायची, आमच्या ह्यांच्या समोर शिंकायचीही सोय नाही, लगेच शाल घालतील.

निल्दोला ही मंडळी आवडली होती. मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसणारे बाप एकाच वेळी 'पास कर' आणि 'शूट कर' ओरडायचे, तेही त्याने मनाला लावून घेतलं नाही. उपासना डब्यातून साबुदाण्याची खिचडी पाठवायची. साबुदाणा ज्या कंदाचा होतो, त्याच कंदाच्या पिठाची निल्दोच्या गावी धिरडी करतात, त्यामुळे तो डबा चाटून पुसून परत करायचा. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच त्याने जेवणाचं टेबल विकत घेतलं. टेबल बॅगेत मावत नाही, हे समजून उमजून घेतलं. त्याला इथेच राहायचं होतं. पण पुढच्या हंगामाला मी आहे ना, एवढं विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं. विचारलं की लोक उत्तर देतात, ही त्याची भीती.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम प्लेनोतल्या एका हॉलमध्ये होता. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, आणि मग ज्ञानदेवने माइक घेतला. निल्दोला ध्यानीमनी नसताना स्टेजवर बोलावण्यात आलं. समोर गुच्छ दिसला. मग शाल आली. मग संघाचं नाव कोरलेलं चकचकीत स्मृतिचिन्ह आलं. फोटोवाला म्हणाला, हसा. निल्दो हसला, त्याला सवय होती.

ज्ञानदेव त्या दिवशी भलताच रंगात आला होता. निल्दोची सगळी कारकीर्द त्याने देशादेशाने सांगितली. गोवा आल्यावर टाळ्या पडल्या. आपल्या मुलांसाठी या माणसाने जे केलं ते आपण कधीच विसरणार नाही, असं म्हणून त्याने डोळे टिपले आणि निल्दोला कळावं म्हणून शेवटचं वाक्य इंग्रजीत केलं: निल्दोंना त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. हॉलमधल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे माणूस बैठकीतून उठून स्वयंपाकघरात निघाला तरी पुढील वाटचालीस शुभेच्छा देतात.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. इथे तर निल्दोला समोर दूधच दिसत होतं. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, पंगतीत बसून दोन घास खाल्ले आणि घरी आला. त्याला फार वाईट वाटलं. इतर ठिकाणी काढलं तेव्हा निदान आपला खेळ खराब झाला होता, असं तो मनाला सांगू शकला होता. इथे तर पोरं नुकतीच बॉलकडे बघण्याऐवजी मोकळ्या जागेकडे बघायला शिकली होती. त्याने होंडुरासमधल्या जुन्या ओळखीच्या ब्राझिलियन एजंटला फोन केला. तिथल्या एका क्लबाला सहायक कोच हवा होता. एजंट म्हणाला, रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की कळव.

रविवारी सकाळी निल्दो सरावाला गेला नाही. निरोप घेतलेल्या मैदानावर पुन्हा जायचं नाही, हा त्याचा नियम होता. तिकडे पोरं ताटकळली, बापांनी स्वतःच शिकवायला सुरुवात केली आणि व्हायचा तो गोंधळ झाला. दुपारी ज्ञानदेव आणि उपासना निल्दोच्या दारात उभे. कोच आजारी असणार म्हणून उपासनाने डबा आणला होता. आत पाहतात तर दोन बॅगा भरून ठेवलेल्या, आणि टेबलावर शाल घडी करून.

ज्ञानदेवला धक्काच बसला. एवढा सत्कार केला आणि हा माणूस न सांगता निघाला, असं त्याला वाटून गेलं. निल्दो ओशाळून म्हणाला, "तुम्ही इतका सुंदर निरोप दिलात. आजवर मला काढलं त्यात हे सगळ्यात सुंदर."

"काढलं? कुणी?" ज्ञानदेवने विचारलं. उपासनाला मात्र क्षणात सगळा उलगडा झाला आणि ती हसत हसत बॅगेवरच बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "कोच, आमच्याकडे सत्कार केला म्हणजे माणूस सुटत नाही, अडकतो. यांचा चार वेळा झालाय. दर वेळी नवीन काम गळ्यात पडलं."

निल्दोने दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. एवढ्या वर्षांची सवय एका वाक्याने थोडीच जाते? तो म्हणाला, मग तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं, तेवढंच सांगा.

आता बोलायची पाळी ज्ञानदेवची. माइकवर तासभर न अडखळणारा हा गडी, पण समोर एकच माणूस बघून त्याची जीभ लुळी पडली. पोरांची प्रगती, संघाचं भवितव्य असं काहीतरी त्याने सुरू करून मध्येच सोडलं. उपासनाने कोपराने ढोसल्यावर एकदाचा म्हणाला, "थांबा ना, कोच. जाऊ नका."

निल्दो खिडकीपाशी गेला आणि त्याने एजंटला फोन लावला. येत नाही म्हणाला. एजंट मुरलेला माणूस, त्याने लगेच ओळखलं की कुणीतरी जास्त देऊ केलं असणार. किती देतायत ते तरी सांग, म्हणाला, मी बोलून बघतो.

निल्दो पोर्तुगीजमध्ये म्हणाला, "देत काही नाहीत. थांब म्हणाले."