सोमीच्या आईचं रक्त

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. तुमच्या आईबापांनाही अंधाराची भीती घालू दिली नाही मी कोणाला. तेव्हा हे वाचून 'आजीचं वय झालं' म्हणू नका... डोकं अजून जागेवर आहे. रागही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईत रक्ताच्या विकारांचं खास शिक्षण घेत होते. बाई डॉक्टरने बाळंतपणं सोडून हे काय धरलं, असं जो तो विचारायचा. त्या शिक्षणातच मला रक्ताचे नमुने तपासायला चांदा जिल्ह्यात पाठवलं — आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली तेव्हा एकच होते. मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहान दवाखाना होता. नाव लिहीत नाही. तिथे एक सर्जनसाहेब, आणि विहिरीकडच्या खोलीत मी आणि माझा मायक्रोस्कोप.

एका सकाळी सिंदेवाहीकडच्या खेड्यातून सोमी नावाची मुलगी आली, पोट धरून किंचाळत. सोबत तिची आत्या, पार्बताबाई. साहेबांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स. दुपारी उघडू."

पण मुलीचे डोळे पिवळे होते, हातपायही ठणकत होते. मी तिच्या बोटाच्या मुळाशी दोरा आवळला, थोडं थांबून टोचलं, आणि थेंब दोन काचांमध्ये घेऊन कडा व्हॅसलिनने बंद केल्या.

"बाई, तुमी रगत पायता का पेता?" पार्बताबाईने विचारलं.

"पाहते हो."

"मंग पाहा. पन पोरीले दुखवू नोका."

सिकल सेल नावाचा एक रोग असतो; हवा तुटली की त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. सोमीच्या वाकल्या. म्हणजे अपेंडिक्स नव्हतंच, आणि अशा वेळी भूल देऊन पोट फाडलं तर मुलगी टेबलावरच जाऊ शकते. मी धावत साहेबांकडे गेले.

"हा आफ्रिकेतला रोग आहे, बाई. तुमची काच वाळली असेल, म्हणून पेशी वाकड्या दिसल्या."

"नाही वाळली, सर. एकदा बघा तरी."

"आईबापांकडून येतो ना तो? मग आईचं रक्त दाखवा. नाहीतर चहाचं सांगा."

नर्स तोंडाला पदर लावून हसली. मी दात आवळून खोलीत परतले, तर दारात एक बाई उभी.

"मी सोमीची माय. माहं रगत पाय."

तिच्या बोटाला दोरा आधीच बांधलेला होता... लुगड्याच्या काठाचा. बोट निळं पडलेलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"घाई कर, बाई. थे सुऱ्या उकळून राह्यले."

मी टोचलं. तिला बाकावर बसवलं आणि काच भिंगाखाली धरली. सगळे विळे. मायक्रोस्कोप आणि दोन्ही काचा घेऊन मी साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग नर्सला म्हणाले, "राहू दे. सलाईन लाव."

संध्याकाळी सोमी शांत झोपली. मी पार्बताबाईला म्हटलं, "आईमुळे वाचली पोरगी. कुठे गेली ती?"

"कोन आई?" ती म्हणाली. "थे तं मांगच्या साली मेली, बाई. असंच पोट दुखून राह्यलं होतं. याच सायबानं फाडलं. उठलीच नाई मंग."

मी तडक साहेबांकडे गेले. ते नळाखाली त्या आईची काच स्वतः धूत होते. आयुष्यात कधी काच न धुतलेला माणूस! मी सगळं सांगितलं. त्यांनी 'कोण बाई' असंसुद्धा विचारलं नाही. फक्त म्हणाले, "उद्यापासून बाहेरच्या लोकांना लॅबमध्ये घेऊ नका." पुढे नागपूरच्या डॉक्टरांसमोर हीच केस त्यांनी आपलं निदान म्हणून ऐटीत सांगितली. मी मागच्या रांगेत बसले होते.

मी पुष्कळ चौकशी केली. सोमीच्या गावाहून त्या दिवशी दुसरी कोणीही बाई आली नव्हती. आली असती, तरी तो दोरा? ती पद्धत त्या जिल्ह्यात माझ्याशिवाय कोणी वापरत नव्हतं. आणि तिची काच तर साहेबांनीही पाहिली होती.

पण सोमीची काच पहिल्यापासून बरोबर होती. मी बरोबर होते. तरी ज्या बाईला आम्ही डॉक्टरांनी एकदा मारलं होतं, तिलाच बोट बांधून परत यावं लागलं.