शेजारच्या झाडांना मी सांगितलेलं खत

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी एका पानाचं निदान मुद्दाम चुकीचं सांगितलं. ते चुकून झालं, असं मी स्वतःला बरेच महिने बजावत होतो. चुकून झालं नव्हतं. पान हातात घेतल्यावर दहा सेकंदांत मला कळलं होतं की त्या झाडाला काय झालंय, आणि अकराव्या सेकंदाला मी दुसरंच काहीतरी बोललो.

आम्ही लंडनजवळ क्रॉयडनला राहतो, ट्रामच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत. एकाला एक चिकटलेली घरं, मध्ये एकच भिंत, मागे लांबट चिंचोळी बाग. डाव्या हाताला एक इंग्रज जोडपं राहतं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. नवरा पूर्वी बस चालवायचा. घरात आम्ही त्यांना काका-काकूच म्हणतो. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा बॉयलर बंद पडला होता, तर काकांनी दोन हीटर आणून दिले आणि काकूंनी सूप पाठवलं. त्यानंतर त्यांना आडनावाने हाक मारणं जमेना.

मी शिकलो शेतकी. बी.एस्सी. झालो, मग कॉम्प्युटरचा एक कोर्स केला आणि शेताकडे पुन्हा वळलो नाही. पण कॉलेजात चार वर्षं आमच्याकडून एक गोष्ट घोटून घेतली होती: टेबलावर वीस पानं मांडलेली असायची आणि प्रत्येकासमोर मिनिटभर थांबून रोग लिहायचा. ते डोक्यातून जात नाही. काकांच्या गुलाबांवर काळे डाग पडले ते मी कुंपणाच्या या बाजूने ओळखले. कुर्जेट या काकडीसारख्या भाजीवरची भुरी ओळखली. माझा कुंडीतला कढीपत्ता इथल्या थंडीत चार वर्षं जगलाय हे पाहून तर काकांनी मला पदवीच दिली. कुंपणावरून मान काढून ते विचारत, "डॉक्टर आहेत का घरात?"

त्या जुलैत ते तसेच आले, पण आवाज खाली आणून.

"डॉक्टर, एक पेशंट बघायचाय. जरा लाजाळू आहे."

मी त्यांच्या फाटकातून आत गेलो. शेडच्या मागे, शेंगांच्या वेलांसाठी रोवलेल्या काठ्यांच्या आड, तीन मोठ्या काळ्या कुंड्या होत्या. त्यांत छातीपर्यंत आलेली तीन गांज्याची झाडं.

"औषधासाठी," असं काही काका म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "हिच्या पायांसाठी." काकूंना मज्जातंतूंचा आजार आहे. पायांत पेटके येतात, तेही असे की पाय आपोआप वर ओढले जातात आणि खुर्चीतून घसरायला होतं. गोळ्या घेतल्या की दिवसभर गुंगी. डॉक्टरांकडे सगळं विचारून झालं होतं, हाती काही लागलं नव्हतं. मग काकांनी आदल्या वर्षी दोन झाडं लावून पाहिली, ती लोण्यात मुरवली, आणि संध्याकाळी टोस्टवर चमचाभर. त्या हिवाळ्यात काकू जिना चढून स्वतःच्या पलंगावर झोपल्या होत्या. हे सगळं त्यांनी मला तिथे उभं राहून सांगितलं आणि एक पान तोडून माझ्या हातात दिलं.

खालची आणि मधली पानं पिवळी होती, पण शिरा हिरव्यागार. पिवळ्या कागदावर हिरव्या पेनाने कोणी शिरा काढाव्यात तसं. शेंडे ठणठणीत. मॅग्नेशियमची कमतरता, पुस्तकात छापतात तितकी स्पष्ट. कारणही समोरच होतं: कुंडीशेजारी टोमॅटो फीडची, म्हणजे टोमॅटोच्या पातळ खताची, बाटली. काका प्रेमाने रोज घालत होते. त्यातलं पोटॅश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम घेत नाहीत. फीड थांबवायचं आणि थोडं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचंच मीठ, पाण्यातून द्यायचं. ते काकूंचे पाय शेकायला त्यांच्या बाथरूममध्ये डबाभर होतं.

मी म्हणालो, "नायट्रोजन कमी पडतोय. भूक लागलीय त्यांना. फीड वाढवा. दुप्पट करा."

कारण असं की, तीनच आठवड्यांपूर्वी आम्ही कायम राहण्याचा अर्ज भरला होता. इतक्या वर्षांचा वर्क व्हिसा, कंपनीची पत्रं, परीक्षा, आणि त्या फॉर्ममध्ये चारित्र्यावर पानंच्या पानं प्रश्न. निकाल येईपर्यंत देश सोडायचा नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं ते मी फोनवर ऐकलं. आणि आता माझ्या कामाच्या खोलीच्या खिडकीतून सरळ दिसेल अशा जागी गांजा वाढत होता, मी त्याच्या कुंडीला हात लावून उभा होतो, आणि काका मला डॉक्टर म्हणत होते. कोणी तक्रार केली, कोणी आलं, तर माझं नाव निघणार असं मला वाटलं. झाडंच राहिली नाहीत तर प्रश्न मिटेल, असंही वाटलं. हे सगळं एका सेकंदात सुचतं, हेच मला अजून पचत नाही.

सरळ 'मला यात पडायचं नाही' म्हणता आलं असतं. काका वाईट वाटून घेणारे नव्हते. पण मी ज्या घरात वाढलो तिथे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'बघतो', 'करू की', 'होईल हो' असं म्हणायचं आणि समोरच्याने त्यातला नकार ओळखायचा. काकांना तो ओळखता आला नसता. मी त्यांना 'बघतो' म्हटलं की ते मी बघेपर्यंत कुंपणापाशी थांबत. म्हणून मी भिडेपोटी नकार गिळला आणि त्याच्या जागी खोटं ठेवलं.

घरी आलो तर बायको पोळ्या करत होती.

"काय म्हणत होते काका?"

"झाडं पिवळी पडलीत त्यांची."

"कसली?"

मी सांगितलं. तिने गॅस बंद केला.

"गांजा? अरे, आपल्या कुंपणाला लागून गांजा? आणि तू आत जाऊन आलास?"

"पान बघायला बोलावलं होतं."

"मग?"

"चुकीचं सांगितलं. महिन्याभरात जातील ती."

ती ओट्याला टेकली. "सुटलो एकदाचे," असं म्हणाली खरी, पण पोळी लाटायला परत वळली नाही. मग म्हणाली, "आणि काकूंचं काय?"

मी डब्यातल्या पोळ्या मोजायला लागलो.

"'नाही जमणार मला' एवढं बोलला असतास तर जीभ झडली असती का तुझी?"

पुढचे दोन महिने मी त्या खिडकीत अडकलो. टेबल हलवायला जागा नव्हती. मीटिंगमध्ये कोणी बोलत असे आणि मला खाली काका दिसत. चष्मा लावून, बाटलीचं टोपण डोळ्यांपाशी धरून, ते फीड मोजून घेत. थेंबभर जास्त झालं तर परत बाटलीत ओतत. इतक्या काळजीने ते माझं सांगणं पाळत होते. पडदा ओढून बघितला, तरी डोळ्यांसमोर तेच.

तीन आठवड्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पान घेऊन आले. कडा करपल्या होत्या, टोकं खाली वळली होती.

"डॉक्टर, दुप्पट केलं. पण पेशंट खालावतोय."

बोलायची ती वेळ होती. अजून झाडं वाचली असती. मी पान उलटंसुलटं केलं आणि म्हणालो, "वेळ लागतो. धीर धरा."

"तू म्हणतोस तर धरतो," ते म्हणाले.

सप्टेंबरात एका सकाळी त्यांनी तिन्ही झाडं उपटून कंपोस्टच्या ढिगात घातली. वर गवत पसरलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

मग हिवाळा आला. काकूंचा पलंग खाली आणला, आमच्या बैठकीच्या भिंतीला लागून. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांचे पेटके सुरू होत. त्या ओरडत नसत. लांब ओढलेला एक 'ऊं' यायचा, मग काकांचं पुटपुटणं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मी वर माझ्या खोलीचं दार लावून काम करू लागलो, तिथेही तो आवाज यायचा. हेडफोन लावले. हेडफोन लावले की आपण ते कशासाठी लावलेत हेच आठवत राही. बायको त्या काळात दर एक-दोन दिवसांनी तिकडे काहीतरी घेऊन जात असे, कधी मुगाचं कढण, कधी नुसत्या गप्पा. परत आली की माझ्याशी बोलत नसे. मी विचारलं, "कशा आहेत?" तर म्हणे, "भिंत पातळ आहे. ऐक."

नोव्हेंबरात मंजुरीची ईमेल आली. बायकोने शिरा केला आणि वाटी माझ्याच हातात दिली. "तू जा द्यायला." काकूंनी पलंगावरूनच माझा हात दाबून अभिनंदन केलं. काका हसून म्हणाले, "झालं! आता तूही आमच्यासारखाच अडकलास इथे." मीही हसलो. आता मला कसलीच भीती उरली नव्हती. म्हणजे गप्प राहायला कारण उरलं नव्हतं, आणि तरी मी आणखी पाच महिने गप्प राहिलो. घाबरून खोटं बोललो हे एक वेळ मी कोणाला समजावू शकेन. या पाच महिन्यांचं मला काही सांगता येत नाही. दर आठवड्याला वाटायचं की आता फार उशीर झाला, आणि पुढच्या आठवड्यात तो आणखी झालेला असायचा.

एप्रिलमध्ये एका शनिवारी काका बागेतल्या छोट्या ग्रीनहाऊसच्या काचा काढून भिंतीला टेकवत होते. दरवर्षी या दिवसांत त्यांची टोमॅटोची रोपं वीतभर झालेली असतात. मी कुंपणापाशी गेलो.

"काचा बदलताय?"

"नाही. देऊन टाकतोय सगळं. एक जण संध्याकाळी न्यायला येईल."

"का?"

त्यांनी हातमोजे काढले. "हातगुण गेला माझा, डॉक्टर. आयुष्यभर बाग केली, आणि तीन कुंड्या जाळून टाकल्या. तू नीट सांगितलं होतंस. मीच मापात चुकलो असणार."

मागच्या दारात काकू चाकांच्या खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, "हिवाळाभर हेच चाललंय याचं. माझा पाय आखडला की हा म्हणतो, सॉरी. मी म्हणते, अरे बाबा, तू का सॉरी?"

मला तोवर वाटत होतं की मी तीन झाडं मारली आणि काकूंचा हिवाळा घालवला. त्या माणसाने ते सगळं स्वतःच्या खात्यावर घेतलंय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ग्रीनहाऊस संध्याकाळपर्यंत जाणार होतं.

मी फाटक उघडून आत गेलो आणि विचारलं, पाच मिनिटं आत बसू या का. काकांना वाटलं घरी काही वाईट घडलंय. त्यांनी किटली लावली. मी उभाच राहिलो.

"माप चुकलं नव्हतं तुमचं," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं होतं. फीड जास्त झालं होतं, ते थांबवायला हवं होतं. मी वाढवा म्हणालो."

काकांनी हातातला कप ओट्यावर ठेवला.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी. व्हिसाचा अर्ज गेला होता. मला भीती वाटली."

"मग नाही म्हणायचं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "मी दुसऱ्या कोणाला विचारलं असतं. तुझ्यावर रागावलोही नसतो."

काकूंनी विचारलं, "आणि मी तुला भिंतीतून ऐकू येत होते?"

"येत होतात. रोज."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघितलं. किटली बंद झाली, पण चहा कोणी केला नाही.

या देशात सॉरी दिवसातून पन्नास वेळा म्हणतात. ट्राममध्ये कोणाची बॅग लागली तरी ज्याला लागते तोच म्हणतो. तो शब्द एकटा पुरेल असं मला वाटेना. मी काकूंच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसलो, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये, आणि काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुमचा हिवाळा माझ्यामुळे असा गेला. मला वाचवता येत होतं आणि मी वाचवलं नाही. वर, तुमचा नवरा स्वतःला दोष देत राहिला तो दोष माझा होता, आणि मी तो माझा म्हणायला इतके महिने लावले. मी तुमचा अपराधी आहे. तुमचाही, काका. मला माफ करा."