कागलमधला अर्धा तास

सिंगापूरहून निघताना लिमसाहेबांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा मीटरच जास्त होते. आमच्या कारखान्यात संगणकाच्या मेमरीच्या चिप बनतात. तिथं धुळीचा कणही चालत नाही, म्हणून हवा गाळणारे पंखे आणि थंड पाण्याचे पंप रात्रंदिवस चालतात. चिप नखाएवढी, पण तिच्यापायी वीज गावाएवढी जाते. ती वाचवणं हे लिमसाहेबांचं काम. मी त्यांच्या हाताखाली. कबनूरच्या यंत्रमाग चालवणाऱ्याचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर, तिथवर पोहोचला याचं मला अजून अप्रूप वाटतं.

कागल एमआयडीसीतल्या एका फौंड्रीनं पंपातलं पाणी ढकलणारं गुळगुळीत चाक ओतलं होतं. त्याला वीज कमी लागते, असा मालकांचा दावा. तो तपासायचा होता.

सकाळी कोल्हापूर स्टेशनवर चहा घेतला. कागलच्या वाटेवर आमची जीप उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत गेली. फौंड्रीच्या दारातच मालक शिवगोंडा अण्णा उभे होते.

"या पावणं! आधी जेवा, मग पंप."

झुणका, भाकरी, दही. लिमसाहेबांनी तांबड्या रश्श्याची चौकशी केली.

"त्यो शेजारच्या रफिककडं. आमी लिंगायत, आमच्यात मटान न्हाय," अण्णा म्हणाले. "फौंड्रीच हाय त्येची बी. माझी गिऱ्हाइकं पळीवतोय."

ते चाक बसवलेला पंप सुरू झाला आणि मीटरचा आकडा खालीवर नाचू लागला. शेजारी रफिकभाईंची विजेवरची भट्टी चालू होती आणि दोन्हीकडं वीज एकाच तारेवरून येत होती.

"हा आकडा मी नेऊ शकत नाही," लिमसाहेब म्हणाले. आमची गाडी संध्याकाळची होती. आकडा नाही तर ऑर्डर नाही, आणि अण्णांनी त्या चाकासाठी दुसरं काम सोडलं होतं.

अण्णा कुंपणाच्या भिंतीशी गेले. "ए रफिक! चाचणी हाय. भट्टी थांबीव."

"आत्ता? तापत आलीया की!"

"अर्धा तास."

"त्येच्या वर न्हाय. सांगून ठेवतो."

भट्टीची घरघर थांबली. ती पुन्हा तापवायला त्यांची वीज जाणार होती. पण कुणाची चाचणी असली की शेजाऱ्यानं थांबायचं, अशी या ओळीतल्या कारखान्यांची रीतच आहे.

आकडा स्थिरावला. बचत होती, पण दाव्यापेक्षा कमी. "आधी दोन पंपांना लावून बघू," लिमसाहेब म्हणाले. मराठीत सांगताना मी त्यात गोडवा घातला नाही.

अण्णांनी पंप बंद केला आणि ते भिंतीशी गेले. मग ओरडले, "रफिक, कर चालू!"

"घावली का ऑर्डर?"

"दोन चाकांची."

"दोन? त्येच्यापायी माझी भट्टी गार केलीस व्हय?"

परतीच्या गाडीत लिमसाहेबांनी विचारलं, "शेजाऱ्याची वाया गेलेली वीज हिशेबात कुठं धरायची?" आमच्या कारखान्यात यंत्र रिकामं असलं तरी त्याचा पंप चालूच असतो. भिंतीपलीकडून हाक मारणारं तिथं कुणी नाही.

ती दोन चाकं वर्षभर चालली. आकडा तोच राहिला आणि उरलेल्या पंपांसाठी चाकांची ऑर्डर निघाली. मी आनंदानं अण्णांना फोन केला.

"एवढी एकट्याला जमायची न्हाईत," ते म्हणाले. "निम्मी रफिकनं ओतली तर साहेबास्नी चालंल का?"

लिमसाहेब शेजारीच होते. "त्यांच्या चाकांची वेगळी चाचणी होईल," ते म्हणाले. "तेव्हा भट्टी कोण थांबवणार?"

मी तसंच विचारलं.

"माझीच थांबंल की," अण्णा म्हणाले. "आनि कुणाची?"