वेणूआत्याचा गंधार

हेंद्रेपाड्यात पेटी बेसूर झाली की ती वेणूआत्याकडे येते. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेठच्या कारखान्यात तिने उमेदीची वर्षं पेटीचे सूर घासले. सूर म्हणजे पेटीच्या पोटातल्या पितळी पट्ट्या: टोकाला घासलं की आवाज चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. काम सुरू करायच्या आधी आत्याचा एकच हुकूम, नाकातून: "पंखा बंद!"

परवा भजनी मंडळाचा महेश आत्याने लावून दिलेली पेटी घेऊन परत आला. सोबत मंडळात गाणारे कोंडाजीबुवा आणि मोबाइलमधलं सूर मोजायचं अ‍ॅप.

"आत्या, तुमचा गंधार लाल दाखवतोय. उतरलाय."

"उतरला नाही रे शहाण्या, उतरवलाय! बुवा जन्मभर काळी एकच्या पट्टीत गातायत. त्यांच्या षड्जाशी, त्यांच्या 'सा'शी गंधार मिळाला पाहिजे, तुझ्या फोनशी नाही."

तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली. फोनवर हिरवा दिवा.

"घे! आता कुकर घेऊन बस भजनाला!"

महेशही तापला. "प्रॉपर मशीन आहे हे. कॅम्प तीनमध्ये सगळे हेच वापरतात. मी पेटी तिकडेच देतो."

संताप आला मला. ज्याला 'ओम जय जगदीश' धड गाता येत नाही, तो आत्याला गंधार शिकवणार! आत्याने भाता मारला, षड्ज आणि गंधार एकत्र धरले. दोन्ही असे मिसळले की बुवांनी डोळेच मिटले.

मग आत्या ऐटीत वर वर सरकत शेवटच्या सुरांवर गेली. फोन लालभडक.

"हेही मुद्दाम केलंय," आत्या म्हणाली.

कोंडाजीबुवा खाकरले. "वेणू, तू लावलेले वरचे सूर बोचतात गं. गेल्या दिवाळीपासनं."

आत्याचा हात भात्यावरच थांबला. "दिवाळीपासून? आणि एवढे दिवस माझ्या हातचा चहा पिऊन 'वा, वा' म्हणत गेलात?"

"तुला वाईट वाटंल म्हणून..."

"बेसूर पेटी चालली, मला सांगायला तोंड नाही उघडलं? मी काय कुक्कुलं बाळ आहे? मेला तो फोन बरा, तोंडावर तरी बोलतो!"

बुवा चपला शोधायला लागले.

"बसा! कुठे चाललात?" आत्याने पेटीचं झाकण उघडलं, वरच्या पट्ट्या उघड्या केल्या, कानस उचलली. "महेश, इकडे ये. ह्या वरच्या पट्ट्यांना तुझा फोन धर. चढलाय की उतरलाय, एवढंच बोलायचं. आणि गंधाराला बोट लावलंस तर बोट घासून देईन."

महेश पुटपुटला, "उतरलाय."

"मोठ्याने सांग की रे!"