एकाच कडीवर भागवलं

रक्ताच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे पाठीमागे ‘शीताई’ म्हणत. नाव फुकट मिळालं नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी हातमोज्यानिशी कान कोरला की शी, त्याच हातांनी फोन उचलला की दोनदा शी. नवऱ्याला तर घरात शिरताच आधी मोरी दाखवत म्हणे.

पण त्या दिवशी त्या शी म्हणायचंही विसरल्या. गेटवरच्या वॉचमनकाकांच्या पेशी ज्या द्रवात ठेवल्या होत्या, तो चौथ्या दिवशीही गुलाबीच!

काकांना कॅन्सर. त्यांच्याच रक्तातल्या मारेकरी पेशी जाग्या झाल्या, तरच नवे उपचार मिळणार होते. या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. दाराच्या कड्या म्हणा ना. एका बाटलीतलं औषध पहिली कडी वाजवतं, ‘शत्रू आलाय.’ दुसरीतलं दुसरी वाजवतं, ‘खरंच आलाय, ऊठ!’ दोन्ही वाजल्या की निरोप आत धावतो, पेशी फुगते, एकीच्या दहा होतात, मारायला सज्ज होतात. द्रव पिवळा पडतो. एकच वाजली, तर पेशी रुसून बसते.

“म्हाताऱ्याच्या पेशींत दमच नाही,” सर म्हणाले. “तसा रिपोर्ट देतो.”

शीताईंनी फ्रीज उघडला. दुसऱ्या बाटलीच्या जागी सरांचा डबा, बुडाला रस्सा ओघळलेला. बाटली फ्रीजच्या डोक्यावर, तेलकट धुळीत. वर एक केस चिकटलेला.

“शी! हिला बाहेर कुणी काढलं?”

“डबा मावेना हो.”

“मग सोमवारी मी रजेवर असताना दुसरं औषध कुठून घातलंत?”

सरांनी कान कोरला. “सापडलं नाही. म्हटलं, एकानं भागेल.”

काकांच्या अंगात पुन्हा काढण्याइतकं रक्त उरलं नव्हतं. पण कुणाच्याच हातांवर विश्वास नसल्यानं शीताई प्रत्येक रुग्णाच्या निम्म्या पेशी आधीच गोठवून ठेवत. त्या काढल्या, नवी बाटली फोडली, दोन्ही औषधं स्वतः घातली. चौथ्या दिवशी द्रव पिवळाधमक!

“बघा, मी म्हणालोच होतो,” सर म्हणाले आणि फ्रीजकडे वळले. डबा नव्हता. तो झाकणासकट दूषित कचऱ्याच्या पिशवीत गेला होता.

गेटवर काका धडपडत उठले. “ताई, लागला का माझा नंबर?”

“लागला, काका!”

काकांनी दोन्ही हात पुढे केले, तशा शीताई दोन पावलं मागे सरल्या.

“शी, नको! आत्ताच सरांचा डबा उचललाय.”