सहाव्या पटावरचा चष्मेवाला

आमच्या बुद्धिबळ मंडळात चष्मेवाले एकोणीस वर्षं राखीव खेळाडू होते. मंडळाचा सेक्रेटरी या नात्याने सामन्यांची वही माझ्याकडे असते, म्हणून आकडा नक्की सांगता येतो. वर्षातून एकदा गोदामवाल्यांच्या मंडळाशी सहा पटांचा सामना होतो. सातवं नाव राखीव. ते नाव कायम यांचं. या एकोणीस वर्षांत एकही खेळाडू ऐनवेळी आजारी पडला नाही.

मंडळाचे प्रमुख मास्तर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि चष्मेवाल्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ. मेव्हण्याला संघात घेतलं तर लोक बोलतील, म्हणून मास्तर त्यांना घेत नसत. हे उघड कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. "एकोणीस वर्षं डबा भरून देतेय, आणि खेळतात दुसरेच," असं वहिनी मात्र भावाच्या तोंडावर म्हणत.

दोघांचा खरा वाद वेगळाच होता. हौशी खेळाडूने डाव कसा सुरू करावा, यावर मास्तरांचं मत पक्कं होतं. सगळ्यांनी इटालियन खेळावं. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, राजा कोपऱ्यात सुरक्षित, मग पुढचं पुढे.

"नवशिक्याला पर्याय दिले की तो गोंधळतो, भावजी. एकच वाट दाखवावी."

"सगळ्यांना एकच चष्मा चालतो का, मास्तर?"

चष्मेवाल्यांचं दुकान बाजाराच्या वळणावर आहे. आत एक उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, ड्रॉवरमध्ये भिंगांची पेटी. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, भिंग घालायचं, काढायचं, आणि विचारायचं, "हे बरं की हे?" चाळीस वर्षं हा प्रश्न विचारून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. मंडळातही ते प्रत्येकाला वेगळी सुरुवात सुचवत. बेकरीवाला घाईचा माणूस, त्याला प्यादं बळी देऊन अंगावर जाणारी सुरुवात. विमा कचेरीतला कारकून भित्रा, त्याला लंडन. "तेवढा उंट बाहेर काढा, प्यादी रचा आणि बसा. डुलकी लागली तरी डाव पडणार नाही." दोघांनाही ते मानवलं. बेकरीवाला तर म्हणायचा, "मास्तरांचं इटालियन म्हणजे पथ्याचं जेवण. तब्येतीला चांगलं, पण जीभ ऐकत नाही."

स्वतः चष्मेवाले मात्र वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून मागे उंट बसवत. तिथून तो तिरका पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत बघतो. मास्तर याला आळशी माणसाची सुरुवात म्हणत.

गेल्या वर्षी विमावाल्याची बदली झाली आणि सहावा पट रिकामा झाला. मास्तरांनी चार दिवस विचार केला. शेवटी बहिणीनेच निकाल लावला असावा, कारण पाचव्या दिवशी त्यांनी मला नाव लिहायला सांगितलं. अट एकच घातली. "भावजी, खेळा तुमचं ते प्यादं. पण हरलात, तर पुढच्या वर्षी पुन्हा राखीव. मग ताईने मध्ये पडायचं नाही."

"कबूल," चष्मेवाले म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी दुकान दोनदा लवकर बंद केलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सामना गोदामवाल्यांच्या वरच्या खोलीत झाला. लांब टेबल, सहा पट, सहा घड्याळं. बरोबरी झाली तर चषक आधीच्या विजेत्यांकडे राहतो, आणि आधीचे विजेते ते होते. सहाव्या पटावर समोर त्यांचा वजनकाटेवाला होता. त्याचा वर लांबचं, खाली जवळचं भिंग असलेला नवा चष्मा दोनच दिवसांपूर्वी आमच्या चष्मेवाल्यांनीच करून दिला होता.

पाच पट संपले तेव्हा आम्ही तीन-दोनने पुढे होतो. अर्धा गुण मिळाला तरी चषक आमचा. मी सहाव्या पटामागे जाऊन उभा राहिलो. चष्मेवाल्यांचा वजीर आणि तो मागचा उंट एकाच घरावर रोखलेले होते, शत्रूच्या राजापुढच्या प्याद्यावर. मध्ये फक्त वजनकाटेवाल्याचा घोडा आडवा होता. घोडा हलला की पुढच्या चालीला मात. आणि त्या घोड्याला एक प्यादं फुकट दिसत होतं. ते खाल्लं की वजिरावरही हल्ला. मोहात पडावं अशीच जागा होती.

वजनकाटेवाला हनुवटी वर करत होता, खाली करत होता. चष्मा एका बाजूने घसरला होता. त्याचा हात घोड्याकडे निघाला. हात लागला तर ती सोंगटी चालवावीच लागते, हा नियम.

"थांबा," चष्मेवाले म्हणाले.

पंचांनी वर पाहिलं. चष्मेवाल्यांनी घड्याळ थांबवायची परवानगी मागितली आणि खिशातून बारका पेचकस काढला.

"दांडी सैल आहे. भिंगाची रेघ तुमच्या पटाच्या मधोमध येतेय. पलीकडचं धूसर दिसत असेल."

"नवा आहे म्हणून वाटलं."

"नवा आहे म्हणूनच आधी सांगायला हवं होतं. द्या इकडे."

त्यांनी स्क्रू पिळला, दांडी किंचित वाकवली, काच रुमालाने पुसली आणि चष्मा स्वतःच्या हाताने त्याच्या नाकावर बसवला. मग सवयीने विचारलं, "आता बरं?"

"आता बरं," वजनकाटेवाला म्हणाला. त्याने पटाकडे पाहिलं. मग पलीकडच्या कोपऱ्यातल्या उंटाकडे पाहिलं, बराच वेळ. घोड्याला हात न लावता त्याने दुसरीच चाल केली. शेहेचाळिसाव्या चालीला आमचे चष्मेवाले हरले. तीन-तीन. चषक तिथल्याच कपाटात राहिला.

जिन्यात बेकरीवाल्याने तोंड सोडलं. "आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा! अहो, दुकान बंद करून आला होतात ना? मग उघडलंत कशाला?"

मास्तर खाली फाटकापाशी थांबले होते. "भावजी, उंट दिसत होता ना?"

"मला दिसत होता. त्याला दिसत नव्हता."

"मग?"

"मग काय? चष्मा मी केलाय."

मास्तरांनी फाटक उघडून धरलं. अट मात्र त्यांनी पाळली. या वर्षीच्या यादीत सहावं नाव शिंप्याचं आहे आणि राखीव चष्मेवाले. वहिनींनी भावाला एक शब्द विचारला नाही. हा पहिला बदल. दुसरा असा, की मास्तर आता इटालियनची सक्ती करत नाहीत. शिंप्याला त्यांनी सांगितलं, "सुरुवात कुठली घ्यायची ते भावजींना विचारून या." वजनकाटेवाला बुधवारी संध्याकाळी दुकानात येतो आणि उंच खुर्चीवर बसून चष्मेवाल्यांशी डाव मांडतो.

यादी लावली त्या दिवशी चष्मेवाल्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली. त्यांच्या नावाचं पान त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. सामने एक, हार एक. त्यांनी मागची काही पानं चाळली, वही जरा लांब धरली, मग जवळ आणली.

"तुमचं अक्षर मोठं व्हायला लागलंय, सेक्रेटरी," ते म्हणाले. "गेल्या दोन वर्षांत फारच. या एकदा दुकानात."