बोडीच्या काठचा चुका

माझ्या सासूला माझं काहीच पटत नाही आणि मलाही तिचं पटत नाही. पंचवीस वर्षं झाली, आमचं बरं चाललंय. पण गेल्या होळीनंतर ती तापाने पडली, ताप उतरला, तरी तोंडाची चव काही परत आली नाही. भात समोर ठेवला की तोंड फिरवायची. दिवसभरात वाटीभर पेज, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा मी घाबरले.

"काय खाता, ते तरी सांगा," मी म्हटलं.

"बोडीतला चुका दे. मंग जेवतो."

झालं. बोडी म्हणजे आमच्या घरामागचं तळं. आदल्या उन्हाळ्यात गावातल्या शहाण्यांनी मशीन लावून तिचं खोलीकरण केलं, उतरते काठ भिंतीसारखे उभे कापले, नारळ फोडून फोटो काढले. काठावरचा रानचुका गाळाबरोबर गेला. त्यांना विचारलं तर म्हणाले, कचराच होता तो.

मी गोंदियाच्या बाजारातून चुका आणला. गुबगुबीत, गोल पानांचा. सासूने एक घास घेतला आणि थुंकला. "हे बकरीले घाल."

माझा भाऊ नागझिऱ्याला गाइड आहे. पर्यटकांसमोर झाडांची इंग्रजी नावं अशी घडाघडा म्हणतो, की त्यांना वाटावं याच्या डोक्यात अख्खं जंगल भरलंय. त्याने मोठ्या ऐटीत नाल्यातून पिशवीभर पाला आणला. मोबाइलवर फोटो टाकून खात्री केली म्हणे. मोबाइलने तीन फोटोंना तीन नावं दिली होती, त्यातलं याला आवडलं ते याने घेतलं. तो पाला बकरीनेही खाल्ला नाही.

मग मी कोणाच्या नादी लागले नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते, ते काय लग्नाच्या पत्रिकेत छापायला? वैशाखात कोहमाऱ्याला बस बदलताना एका ढाब्यामागे, जिथे ट्रक धुतात, तिथे ओलीला गुडघाभर वाळके तुरे दिसले. पानं जळून गेली होती, पण बुडाशी एक उरलं होतं. लांबट, कडेला लहरी. देठ निघतो त्या पेरावर कागदासारखा पातळ पांढरा पापुद्रा, आणि तांबूस बियांना कडेने बारीक दात. पान चावलं, आंबट. ढाबेवाला माझ्याकडे वेडीकडे बघावं तसा बघत राहिला. मी पदरात बी भरलं.

घरी सासूने बी चोळून पाहिलं. "हाच," म्हणाली. "पाणी उतरलं का टाक."

अक्षर न आलेल्या बाईने मला शेती शिकवावी? मी पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या अंगणात धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकतात तशी जागा केली. बांध घातला, चिखल केला, बी पेरून वरून माती ओढली, पाणी तुंबवून ठेवलं. आमच्याकडे धानाशिवाय दुसरं येतंय काय कोणाला? महिनाभर रोज वाकून बघत होते. बेडूक झाले, चुका नाही.

सासू खाटेवरून सगळं बघत होती. "धान लावून राहिली का तू? चुका पाण्यामागं येते. पाणी हटते, मंग तो निंगते. तुले सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं, हे खरं. मीच ऐकलं नव्हतं. गावातल्या शहाण्यांना नावं ठेवता ठेवता मी त्यांच्याच रांगेत जाऊन उभी राहिले होते. तिचे दंड काठीएवढे झाले होते आणि माझ्या शिक्षणापायी जवळजवळ सगळं बी फुकट गेलं होतं. मला माझीच लाज वाटली.

औषधाच्या बाटलीत चिमूटभर बी उरलं होतं. दिवाळीनंतर बोडीचं पाणी हटलं. एका कोपऱ्यात मशीन पोचलं नव्हतं, तेवढाच काठ उतरता होता. सासूला खुर्चीवर बसवून आम्ही तिथे नेलं.

"नुसतं फेक. झाकू नको. आता पायानं दाब. हळू, नाचून काऊन राहिली?"

पंधरा दिवसांत हिरवं टाचणीएवढं काही दिसलं. पौषात पानं बोटभर झाली. मी कण्या टाकून भाजी केली, लसणाची फोडणी दिली आणि ताट तिच्यासमोर ठेवून मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसले. बघायची हिंमत नव्हती.

मग ताट सरकलं.

"मीठ कमी आहे. भात वाढ."

मी भात वाढला. डोळे भरून आले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून म्हटलं, "उद्या राहिलेला सगळा तोडून आणते."

"सगळा कायले तोडतं? बियाले सोड."

"आता कोणासाठी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की एवढी मठ्ठ बाई तिने जन्मात पाहिली नसावी.

"माह्यासाठी. पुढच्या साली मी काय खाऊ?"